सात तास उत्तरेच्या वाऱ्यात

पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी केबिनमधला फोन वाजला. मला वाटलं, चारच्या वॉचसाठी, म्हणजे पाळीसाठी, उठवताहेत. पण थर्ड इंजिनिअरचा आवाज घाईचा होता. "सर, चार नंबरच्या युनिटचं एक्झॉस्ट चढतंय. इंधन कमी केलं तरी उतरत नाही."

ऑगस्ट २००४. मी तेव्हा सेकंड इंजिनिअर होतो. दक्षिण आफ्रिकेच्या रिचर्ड्स बे बंदरातून सुमारे ७० हजार टन कोळसा भरून आम्ही तुर्कस्तानला निघालो होतो. तांबडा समुद्र जवळजवळ संपत आला होता, सुएझच्या आखाताचं तोंड पन्नासेक मैलांवर होतं. संध्याकाळपर्यंत सुएझच्या नांगरतळावर पोचलो तर दुसऱ्या दिवशी कालव्यातून जाणाऱ्या जहाजांच्या काफिल्यात नंबर लागणार, नाहीतर एक अख्खा दिवस नांगर टाकून बसायचं.

बॉयलरसूट चढवून खाली गेलो. बाकीच्या युनिटांचे, म्हणजे सिलिंडरांचे, एक्झॉस्टच्या तापमानाचे काटे ३६० डिग्रीच्या आसपास आणि चार नंबर ४५०कडे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हशी कान नेला तर नेहमीच्या ठोक्यात एक फुसफुस मिसळलेली. व्हॉल्व्हची बैठक जळून गॅस निसटत होता, हे कळायला याहून जास्त काही लागत नाही. चीफसाहेब आले, त्यांनी ऐकलं आणि ब्रिजला, म्हणजे जहाज हाकण्याच्या वरच्या खोलीत, फोन लावला. चार वाजून वीस मिनिटांनी इंजिन थांबलं.

जहाजावर राहणाऱ्या माणसाला इंजिनाचा आवाज ऐकू येत नसतो. तो थांबला की मात्र झोपलेला माणूसही उठून बसतो. त्या पहाटे निम्मं जहाज असंच जागं झालं. वर दोन लाल दिवे एकाखाली एक लागले. जहाज ताब्यात नाही, दूर राहा, असा त्याचा अर्थ.

युनिट जरा निवेपर्यंत चीफसाहेबांनी मला कॅप्टनसाहेबांना अंदाज सांगायला वर पाठवलं. ब्रिजच्या काळोखात जीपीएसच्या पडद्यावर वेग दिसत होता, १.१ नॉट. दिशा १६०. आमची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, उत्तरेकडे असायला हवी होती आणि आम्ही दक्षिणेकडे सरकत होतो. जहाज हळूहळू वाऱ्याला आडवं झालं होतं.

"वारा कुठला, सर?"

"इथे दुसरा कुठला असणार?" कॅप्टनसाहेब म्हणाले. "उत्तरेचाच."

हे मी वाचलेलं होतं, पण अंगावर घेतलं ते त्या पहाटे. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात जवळजवळ बारा महिने वायव्य-उत्तरेचा वारा वाहतो, बरोबर त्या चिंचोळ्या समुद्राच्या लांबीतून. दक्षिण भागात मोसमाप्रमाणे दिशा बदलते, इथे नाही. म्हणून हिंदी महासागरातली शिडाची गलबतं शतकानुशतकं जेद्दाहपर्यंत येत आणि पुढचा माल दुसऱ्यांच्या हवाली करून परत फिरत. दोन्ही काठांना प्रवाळाचे खडक, समोरून वारा, आणि आडवंतिडवं फिरून वाट काढायला जागा कमी. १७ नोव्हेंबर १८६९ला सुएझचा कालवा उघडला तेव्हा लंडनहून मुंबईचं अंतर चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झालं. पण कमी झालं ते वाफेच्या बोटींसाठी. शिडाच्या जहाजाला कालव्यातून टगने ओढून न्यावं लागणार आणि पुढे हा समुद्र. त्यांना केप ऑफ गुड होपचाच फेरा राहिला. 'कटी सार्क' हे चहा वाहणारं नामांकित क्लिपर, म्हणजे वेगवान शिडाचं जहाज, पाण्यात उतरलं २२ नोव्हेंबर १८६९ला, कालवा उघडल्यावर पाचच दिवसांनी. चहाचे आठ हंगाम तिला मिळाले, मग तो माल बोटींकडे गेला आणि ती ऑस्ट्रेलियाच्या लोकरीकडे वळली. वेगात ती कमी नव्हती, चांगल्या वाऱ्यात तिने त्या काळच्या बोटींना मागे टाकलं असतं. तिच्याकडे नव्हती ती तारीख. अमुक दिवशी माल पोचेल, असं शिडाच्या जहाजाचा कप्तान व्यापाऱ्याला सांगू शकत नव्हता.

मी खाली आलो. इंजिनरूममध्ये ४६ डिग्री. ब्लोअर चालू होते, पण तांबड्या समुद्रात ब्लोअर बाहेरची गरम हवाच आत ढकलतात.

आमचे फिटर हर्णैजवळचे. वय साठीला आलेलं, सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. त्यांच्या घरी दोन पिढ्या फतेमारी, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत होतं, आजोबा त्याचे तांडेल. मंगळूरहून कौलं भरून कोकणातल्या बंदरांत उतरवायची, हा धंदा. वडील मात्र आगबोटीवर गेले आणि चाचा त्यांच्या मागून. आमच्या जहाजात कोळसा जाळायचा प्रश्नच नव्हता, तरी जुने शब्द टिकून होते. इंजिनाला तेलपाणी करणाऱ्या मोटरमनला चाचा 'तेलवाला'च म्हणत, स्टोअर सांभाळणारा 'कसाब', डेकवरच्या खलाशांचा मुकादम बोसन 'सारंग'. एक शब्द तेवढा मागे पडला होता, 'आगवाला'. भट्टीच नाही तर आगवाला कुठून असणार?

युनिट थंड ठेवणारं पाणी काढलं, हायड्रॉलिकचे पाइप सोडवले, व्हॉल्व्हच्या चार नटांवर चार जॅक बसवले. पंपावर दाब चढवत गेलो आणि तिसऱ्या जॅकचं सील फुटलं. तेलाची चिळकांडी माझ्या खांद्यावरून गेली. दुसरं सील शोधून बसवण्यात पाऊण तास. मग तीन नट सुटले, चौथा गंजून बसलेला. चाचांनी टॉर्च पेटवून त्याला शेक दिला, थांबले, पुन्हा दिला. घाईने हातोडा उचलणाऱ्या थर्ड इंजिनिअरला त्यांनी नुसत्या नजरेने थांबवलं.

माझ्या मनात त्या वेळी पूर्वीचे आगवाले होते. हे नंतर सुचलेलं नाही, अंगातून घाम ठिबकत असताना त्यांच्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्यापुढे बंद पडलेलं एक इंजिन होतं. त्यांच्यापुढे उघड्या दाराच्या भट्ट्या. चार तास काम, आठ तास सुट्टी, आणि चार तासांत फावड्याने कोळसा टाकायचा, लांब सळईने निखारे फोडायचे, राख ओढायची. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकचे खलाशी रत्नागिरीकडचे असत, खानसामे गोव्याचे, आणि भट्टीवर पुष्कळसे पंजाबकडचे. कंपन्या बिनदिक्कत म्हणत, ही माणसं उष्णता सोसतात. तांबड्या समुद्रात उष्माघाताने भट्टीसमोर कोसळलेल्या माणसांनी ती किती सोसली, हे कुणी विचारलं नाही. वाफेचा विजय म्हणून जे सांगितलं जातं त्यात इंजिनं बांधणाऱ्यांची नावं असतात. ती असावीतच, पण आगवाल्यांची कुठेच नसतात याचा मला राग येतो.

सुरुवातीची इंजिनं कोळसा अक्षरशः गिळत. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही ४११ टनांची बोट २० मार्च १८३०ला सुएझसाठी निघाली. साडेपाच दिवसांच्या कोळशापुरती तिची रचना आणि एडनपर्यंतच लागणार होते त्याच्या दुप्पट दिवस. म्हणून केबिनींतसुद्धा कोळसा भरला. अकरा दिवसांनी ती एडनला लागली तेव्हा जेमतेम काही तासांचं जळण उरलं होतं. पुढचा कोळसा शिडाच्या जहाजाने आधीच धाडून ठेवला होता. २२ एप्रिलला ती सुएझला पोचली. टपाल नेता येतं हे सिद्ध झालं, पण जी बोट स्वतःचंच जळण वाहते ती माल कुठे भरणार? एडनचा खडक इंग्रजांनी जानेवारी १८३९मध्ये ताब्यात घेतला, त्यामागे कोळशाच्या वखारीची निकड मोठी होती. आणि पुढे कित्येक वर्षं अशा वखारींत वेल्सचा कोळसा आणून ओतत होती ती शिडाचीच जहाजं. आपल्याला संपवणाऱ्या बोटींचं जळण त्यांनीच वाहिलं.

खरा फरक पडला तो सिलिंडरात. जुन्या बॉयलरात समुद्राचंच पाणी, त्यामुळे मिठाची पुटं चढत. ती कमी ठेवायला थोड्या थोड्या वेळाने उकळतं खारं पाणी बाहेर सोडावं लागे, म्हणजे त्यावर जाळलेला कोळसाही पाण्यात. खारं पाणी आणि जास्त दाब यांचं जमत नाही. नळ्यांचा कंडेन्सर आला, वाफेचं गोडं पाणी पुन्हा बॉयलरला मिळू लागलं आणि दाब वाढवता आला. मग वाफ आधी लहान सिलिंडरात राबवायची आणि तिच्यात उरलेला जोर मोठ्या सिलिंडरात वसूल करायचा, ही कंपाउंड इंजिनाची युक्ती लांब पल्ल्याला कामी आली. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड होल्टने १८६६मध्ये 'अ‍ॅगामेम्नॉन' चीनकडे पाठवली. दर चौरस इंचाला ६० पौंड दाब, दिवसाला वीसेक टन कोळसा, आणि वाटेत कुठेही कोळसा न घेता मॉरिशसपर्यंत साडेआठ हजार मैल. त्याच वर्षी फूचौहून निघालेली चहाची क्लिपर जहाजं ९९ दिवसांत एकाच भरतीला लंडनला लागली आणि सगळं शहर त्या शर्यतीबद्दल बोलत होतं. होल्टची बोट त्या मानाने कुणाच्या नजरेत भरली नाही. इंजिनिअर म्हणून मला त्या शर्यतीपेक्षा तो साडेआठ हजारांचा आकडा जास्त मोठा वाटतो.

चौथा नट सुटला तेव्हा साडेसात वाजले होते. आता टनापेक्षा जड व्हॉल्व्ह क्रेनने उचलायचा. आणि तिथेच अडलं. जहाज वाऱ्याला आडवं, लाटा कुशीवर. भरलेलं जहाज फार लोळत नव्हतं, पण व्हॉल्व्ह स्टडवरून, म्हणजे त्याला धरणाऱ्या उभ्या बोल्टांवरून, सुटला की झुलणार, आणि पाचव्या युनिटच्या पाइपांवर किंवा कुणाच्या तरी छातीवर आदळणार. इंजिन चालू असतं तर कॅप्टनसाहेबांनी नाळ वाऱ्यावर धरली असती. पण त्याच इंजिनासाठी तर हे चाललं होतं.

चेनब्लॉक लावून दोन बाजूंनी ओढ दिली. तरी मी हो म्हणत नव्हतो. चाचांनी हात पुसले आणि डोळे मिटून रेलिंगला टेकले.

"सेकंडसाहेब, जरा थांबा. मोजू द्या."

"काय मोजताय चाचा?"

"लाट. मोठ्या तीन-चार येतात, मग दम घेते. आजोबा डोलकाठी उतरवायचे तेव्हा असंच मोजायचे."

लोखंडाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, समुद्र न दिसता ते पायांतून मोजत होते. आम्ही पाच जण गप्प. दोन फेऱ्या त्यांनी जाऊ दिल्या. तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता." क्रेन वर गेली, व्हॉल्व्ह स्टडवरून सुटला, चेन ताणल्या, आणि पुढची मोठी लाट येईपर्यंत तो प्लेटवर टेकला होता. जळलेल्या बैठकीत बोटाचं पेर बसेल एवढी खाच होती.

नवा व्हॉल्व्ह बसवतानाही तसंच केलं, ते मानाने सोपं गेलं. पाणी भरलं, पाइप जोडले, गळती तपासली. ११ वाजून २० मिनिटांनी इंजिनाने सुरू व्हायची दाबाची हवा घेतली, एक धक्का, दुसरा, आणि ठोका लागला. चार नंबरचा काटा ३५५वर स्थिर झाला तसा थर्ड इंजिनिअर तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला. सात तासांत आम्ही आठ मैल मागे गेलो होतो. काफिला अर्थात हुकला.

साडेतीनच्या सुमाराला मी कागद द्यायला ब्रिजवर गेलो. डावीकडे शाकेर बेटाचे उघडे डोंगर दिसत होते. कॅप्टनसाहेबांनी चार्टवर त्याच्या उत्तरेला बोट ठेवलं. अबू नुहासचा खडक. आमच्या मार्गावरून तो डोळ्यांना दिसत नाही, कागदावर तेवढा बुडालेल्या जहाजांच्या खुणांनी भरलेला. त्यांतली एक 'कार्नॅटिक'ची. सुएझहून मुंबईला निघालेली टपालाची बोट, सप्टेंबर १८६९, कालवा उघडायला दोन महिने बाकी. तिला कंपाउंड इंजिन होतं आणि शिडंही होती, कारण इंजिनावर अजून कुणाचा पुरता भरवसा नव्हता. ती रात्री खडकावर चढली. दुसरी बोट येईल या आशेवर कप्तानाने दिवसभर माणसांना बोटीवरच ठेवलं. पुढच्या दिवशी तिचे दोन तुकडे झाले आणि ३१ जण बुडाले. पोटात तांब्याचे पत्रे होते, चाळीस हजार पौंडांची रोकड होती. अरबीत नुहास म्हणजे तांबं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुएझसमोर नांगर पडला. त्या रात्री जेवण करून मागच्या डेकवर गेलो तर चाचा वाऱ्याकडे तोंड करून बसले होते.

"आजोबांना वाऱ्यासाठी किती दिवस थांबावं लागायचं?" मी विचारलं.

"एकदा देवगडला अकरा दिवस थांबले. कौलं भरलेली."

"मग अकरा दिवस काय करायचे?"

"शीड शिवायचे. भात-मासे. आणि पहाटे उठून बघायचे, मतलई सुटली का." ते थोडा वेळ गप्प राहिले. "तो जुना व्हॉल्व्ह उद्या घासायला घेऊ. स्पेअर नाही आता आपल्याकडे."

"आठला घेऊ."

"सातला," ते म्हणाले, "उन्हाच्या आधी."