बोनट गरम होतं

बोनटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. सकाळचे साडेदहा, खारघरच्या एका सोसायटीचं बेसमेंट, ऊन कुठे नावाला नाही. विकणारा गृहस्थ सांगत होता, "चार दिवस झाले, जागची हलवलेली नाही." मग तापली कशी, हे मी विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं, मनात टिपून ठेवायचं असतं.

माझं गॅरेज नाशिकला, सातपूरला. सोबत आलेल्या पोराच्या वडिलांची महिंद्रा आर्माडा माझ्याकडे दुरुस्तीला यायची, तेव्हापासूनचा घरोबा. यंदा द्राक्षाचा हंगाम बरा गेला आणि पोराच्या डोक्यात ही गाडी शिरली. जर्मन एसयूव्ही, आठ सिलिंडर, दोन टर्बो, वजन सव्वादोन टनांच्या वर. कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडीतले लोक ओळखतील. नवी घेताना कोटीच्या घरात गेलेली, आता मागत होते एकोणीस लाख. पोराला स्वस्त वाटत होती. मी त्याला येतानाच म्हटलं होतं, "गाडी एकोणीस लाखांची झाली, पण तिचे पार्ट अजून कोटीच्या गाडीचेच आहेत रे."

गरम इंजिनाची मला धास्ती आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका दातांच्या डॉक्टरांसाठी अशीच एक गाडी बघून दिली होती. तेव्हाही इंजिन गरम होतं. आवाज लोण्यासारखा, धूर नाही, मी बिनधास्त "घ्या" म्हटलं. तिसऱ्या महिन्यात इंजिन खोलावं लागलं. डॉक्टर मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त गाडी परत माझ्याकडे आणली नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर, आधी स्कॅनर लावला, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र. फॉल्ट एकही नाही. दहा-बारा वर्षांच्या गाडीत एकही फॉल्ट नसणं हाच मला फॉल्ट वाटतो. त्यात एक आकडा असतो, फॉल्टचे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली त्याचा. तो बघायला फार लोक जात नाहीत. तिथे होतं नऊ किलोमीटर. शिवाय गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या चालता चालता करून घेते, त्यातल्या निम्म्या अपुऱ्या. म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणीतरी सगळी पाटी पुसून, एक चक्कर मारून, गाडी तापवून आणून उभी केली होती.

टायर बघितले. पुढचे दोन एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या. पुढच्यांवर तारखेचा शिक्का 2319, म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मागचे त्याहून बरेच नवे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हे चालत नाही. झिजलेलं चाक जास्त फेरे घेतं, नवं कमी, आणि तो फरक ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, बिचारी स्वतःच्या क्लचवर सोसत राहते. चालवून बघितली तेव्हा साठच्या आसपास पायाखाली धप् धप् जाणवलं. प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या गाडीखालच्या लांब दांड्याला, मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगचं रबर फाटलं की असं होतं. रस्त्यालगतच्या एका टायरवाल्याच्या रॅम्पवर चढवून खालून हात घातला, तर शाफ्ट पाळण्यासारखा हलला. पण हे सगळं पैशानं सुटणारं दुखणं. ब्रेक डिस्कच्या कडेला नखात अडकेल एवढा काठ आला होता, तोही त्यातलाच.

मी म्हटलं, "गाडी ठीक वाटतेय. पण उद्या सकाळी गार इंजिनावर सुरू करून बघणार. तोवर हात लावायचा नाही." गृहस्थ हसले, "तुमचा विश्वास नाही का?" मी खिशातून खडू काढला. टायरवरून जमिनीवर एक सरळ रेघ ओढली, चारही चाकांना. विश्वासाचा प्रश्न मिटला.

रात्री ऐरोलीला बहिणीकडे राहिलो. पोरगं रात्रभर मोबाइलवर त्याच गाडीचे फोटो बघत होतं.

सकाळी साडेसहाला पोचलो. खडूची रेघ जुळत होती. बोनट थंडगार. आणि गाडी डाव्या मागच्या कोपऱ्यात बसलेली. काल टायर आणि मडगार्डच्या मध्ये माझी चार बोटं आरामात जात होती, आज दोन कशीबशी. एअर सस्पेन्शनची पिशवी, स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी पेलणारी, रात्रभर हवा सोडत होती. इंजिन सुरू झालं की कॉम्प्रेसर पाच मिनिटांत गाडी वर उचलतो, म्हणून काल काहीच कळलं नाही. असा रोज दमवलेला कॉम्प्रेसर पण फार दिवसांचा सोबती नसतो.

मग सुरू केली. मी सायलेन्सरपाशी उकिडवा बसलो होतो. पहिल्या सेकंदाला निळसर धुराचा एक ढेकर आला आणि इंजिनातून टक् टक् टक्, शिलाई मशीनसारखं. पोराला म्हटलं, "घड्याळ लाव." साडेतीन मिनिटांनी आवाज विरघळला. पिस्टन तापून फुगले, फट भरली, गाडी पुन्हा कालची लोण्यासारखी.

ती लगेच बंद करवली. प्लग काढू द्यायला गृहस्थ तयार नव्हते. शेवटी खूप बोलाचाली झाल्यावर एकच काढायचा ठरलं. ॲल्युमिनियमच्या हेडमधला प्लग गरम असताना काढू नये, आटे उपटून येतात. म्हणून डोकं थंड होईतो थांबलो, माझंही. कॅमेऱ्याची नळी आत सोडली. मोबाइलच्या पडद्यावर सिलिंडरची भिंत दिसली, आरशासारखी असायला हवी. तिच्यावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, मांजरानं नखं ओढल्यासारखे. या इंजिनाला लोखंडी लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतलं अस्तर, नसतो, ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळून भिंतच कठीण केलेली असते. ती एकदा ओरबाडली की घासून भागत नाही. सगळं इंजिन उतरवायचं, ब्लॉकमध्ये स्लीव्ह, म्हणजे नव्या नळ्या, बसवायच्या. एका सिलिंडरला असं असेल तर बाकी सात न बघताही मला पुरलं.

पोराला बाजूला घेतलं. पडदा दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, मी एक लाख टोकन देऊन बसलोय. परवाच ऑनलाइन पाठवले."

हे मला आधी सांगितलं नव्हतं. मी चिडलो, पण त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. गृहस्थांकडे गेलो, त्यांना तो पडदा आणि नऊ किलोमीटरचा फोटो, दोन्ही दाखवले. तासभर ते टोकन परत नसतं, नियमच आहे वगैरे सांगत होते. मी खडू खिशात ठेवला आणि म्हटलं, तुमच्या जाहिरातीत "एकही दुरुस्ती नाही" असं लिहिलंय, ते वाचून दाखवू का सोसायटीच्या लोकांना? शेवटी साठ हजार परत आले. चाळीस गेले.

परतीला कसारा घाट चढेपर्यंत पोरगं गप्प होतं. इगतपुरीला वडापावला थांबलो. अर्धा वडा संपवून ते पहिल्यांदा बोललं.

"काका, आवाज मात्र काय होता हो."

खोटं कशाला बोलू. गरम झाल्यावरचा आवाज खरंच फार सुंदर होता.