२४७ मीटरची खूण : व्हॉल्व्ह रेडिओच्या दुरुस्तीची तिसरी नोंद

अंबाजोगाईतील एका परिचित कुटुंबाने मला दिलेल्या ब्रिटिश बनावटीच्या बेकेलाइट रेडिओचा वीजपुरवठा मागच्या नोंदीपर्यंत सुरळीत झाला होता. या कुटुंबातील आजोबा शिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते आणि परतताना त्यांनी हा संच सोबत आणला होता. संच यू मालिकेतील पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळ्यांचा आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर नसल्याने विजेची एक तार थेट चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते, म्हणून संचाला घरच्या विजेपासून अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय अशा संचाला कोणीही हात लावू नये, हे पुन्हा एकदा आवर्जून सांगतो. आमच्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज २५०च्या घरात जाते, त्यामुळे मागचा व्होल्टेज निवडण्याचा टॅप सर्वांत वरच्या खुणेवर ठेवला आहे.

या वेळचे पहिले काम कपलिंग कपॅसिटरचे, म्हणजे आवाजाचा संकेत पुढच्या व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या भागाचे होते. यूएल४१ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे तो संकेत जेथे येतो त्या टोकावर, जवळपास शून्य व्होल्ट असायला हवे, तेथे मल्टिमीटरने ११ व्होल्ट दाखवले. मेणाचा जुना पेपर कपॅसिटर गळत होता, म्हणजे त्यातून विद्युतप्रवाह झिरपत होता. तो काढून ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर बसवताच ग्रिड शून्यावर आले आणि आवाजातील घोगरेपणाही गेला.

खरा वेळ गेला तो डायलच्या काचेवर. तिच्या मागच्या बाजूला छापलेली अक्षरे पाण्याने सुटतात, म्हणून कोरड्या मऊ ब्रशने एकेक नाव मोकळे केले. ‘होम’, ‘थर्ड’, ‘लक्झेंबर्ग’ ही रेडिओ केंद्रांची नावे दिसू लागली आणि ‘लाइट’ हे नाव दोन ठिकाणी आढळले : मीडियम वेव्हवर २४७ मीटर तरंगलांबीपाशी आणि लाँग वेव्हवर १५०० मीटरपाशी. बीबीसीचा लाइट प्रोग्रॅम १९४५ साली सुरू झाला आणि तो या दोन्ही ठिकाणी लागत असे. बीबीसीने तरुणांसाठी पॉप संगीताचे केंद्र काढले, तेव्हा या दोन खुणांचीच वाटणी झाली.

मार्च १९६४ मध्ये रेडिओ कॅरोलाइनने ब्रिटनच्या सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून पॉप रेकॉर्ड वाजवायला सुरुवात केली आणि पाठोपाठ तशीच इतर केंद्रेही उभी राहिली. बीबीसीला मात्र रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांमुळे दिवसातून ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवता येत असत, त्यामुळे तरुण श्रोता समुद्राकडे वळला यात नवल नाही. १४ ऑगस्ट १९६७ रोजी नव्या कायद्याने जहाजांवरील केंद्रांची रसद तोडली आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, शनिवारी सकाळी सात वाजता, रेडिओ १ सुरू झाले. पहिला निवेदक टोनी ब्लॅकबर्न जहाजांवरच्या केंद्रांतूनच आला होता आणि त्याने सुरुवातीला ‘द मूव्ह’ या गटाचे ‘फ्लॉवर्स इन द रेन’ लावले. नव्या केंद्राला मिळाली ती २४७ मीटर मीडियम वेव्ह. लाइट प्रोग्रॅमचा वारसा आणि १५०० मीटर लाँग वेव्ह रेडिओ २कडे गेली. एफएमवर हक्काची जागा मिळायला रेडिओ १ला बरीच वर्षे थांबावे लागले. शिवाय पहिल्या काळात दिवसाचे कित्येक तास दोन्ही केंद्रांवर एकच कार्यक्रम चाले. रेकॉर्डच्या तासांवरील मर्यादाही उठली नाही, म्हणून बीबीसी वादक गटांना स्टुडिओत बोलावून त्यांची गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करत राहिली. माझ्या मते या केंद्राची सर्वांत मोलाची ठेव हीच आहे, कारण तेथील निवेदक जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी झालेली अशी ध्वनिमुद्रणे लोक आजही शोधून ऐकतात.

आपल्याकडे याच्या दहा वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू झाली. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीते कमी झाली होती आणि श्रोते शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन लावून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ऐकत होते. तिकडे जहाज होते, इकडे बेट. विविध भारती मात्र साऱ्या घरासाठी होती. केवळ तरुणांसाठी आकाशवाणीची युववाणी १९६९ साली दिल्लीत सुरू झाली.

काल रात्री संरेखन, म्हणजे डायलवरची सुई आणि लहरी यांचा मेळ घालण्याचे काम केले. ठरावीक लहर देणारा सिग्नल जनरेटर १२१४ किलोहर्ट्झवर, म्हणजे २४७ मीटरवर लावला, तेव्हा सुई २५५ मीटर दाखवत होती. डायलची दोरी घसरली होती. ती ताणून बांधली आणि प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ऑसिलेटरचा ट्रिमर, म्हणजे लहर जुळवण्याचा छोटा स्क्रू, पाव फेरा फिरवल्यावर सुई बरोबर ‘लाइट’च्या अक्षरांखाली आली. जनरेटर बंद केल्यावर तेथे फक्त खरखर उरली. नॉब किंचित पुढे फिरवला आणि २३० मीटरजवळ १३०५ किलोहर्ट्झवरील आकाशवाणी परभणी स्वच्छ लागले. काचेवर त्या जागी काहीच छापलेले नाही, म्हणून लाकडी पट्टीवर पेन्सिलीने ‘परभणी’ लिहून ती काचेखाली टेकवली आहे. ट्रिमरला मेणाचा थेंब लावून पक्के करणे आणि डायलसाठी नवी दोरी मिळवणे बाकी आहे.