चवथीआधीचा सर्व्हर: चार वेळा ‘बंद’ पडला, चारही वेळा चालूच होता

सर्व्हर म्हणजे फार काही नाही, माझा जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्सच) आणि सांबा ४.१७ (त्यावरचे फोल्डर घरच्या बाकी मशिनींना उघडून देणारा प्रोग्राम), मागे यूएसबीला ४ टीबीची डिस्क. आत बाबांच्या भजनांच्या नि घुमट (आमच्याकडचं मातीचं तालवाद्य) आरत्यांच्या कॅसेटी, ज्या मी दोन वर्षं एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवतोय. गणेश चवथीला सगळे गोव्यात डिचोलीला जमले की टीव्हीवर लावायच्या असा बेत. आणि नेमकं पावसाळ्यात एकेकाचं सुरू झालं, “सर्व्हर बंद पडला.” दर वेळी खाली येऊन बघतो तर हा आपला निवांत घुरघुरतोय.

पहिला माझाच लॅपटॉप. विंडोज ११ प्रो, २४एच२ अपडेट बसला आणि शेअर (सर्व्हरवरचा वाटून ठेवलेला फोल्डर) उघडेना. दोन तास फायरवॉलमध्ये घालवले, केबल बदलली, शेवटी कळलं की दोष माझ्या आळशीपणाचा. शेअर गेस्टला, म्हणजे बिनपासवर्डच्या पाहुण्याला, खुला ठेवलेला, घरचीच माणसं, पासवर्ड कशाला म्हणून. २४एच२ प्रोमध्ये एसएमबी (विंडोज नि सांबा फाइली देण्याघेण्यासाठी बोलतात ती भाषा) सायनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं झालंय, आणि सही करायची किल्ली तयार होते ती लॉगिनमधून, आता गेस्टला पासवर्डच नाही तर सही कुठून करणार? यावर नेटवर सगळीकडे एकच उतारा, सायनिंग बंद करा. नका करू. सर्व्हरवर एसएमबीपासडब्ल्यूडी (सांबाचा पासवर्ड ठरवणारी कमांड) चालवून खरा युजर बनवा, पाच मिनिटांचं काम आहे. (लिनक्सचा पासवर्ड वेगळा नि सांबाचा वेगळा, हे मी दर वेळी विसरतो.) त्यानंतरही विंडोज अडूनच बसलेला, कारण क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतो तिथे) सर्व्हरच्या नावाची जुनी नोंद पडून होती, ती उडवली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, उघडला.

दुसरं दुखणं माडीवरचं. आमचं घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंती, खालचं वायफाय वर पोचतच नाही म्हणून मी दोन वर्षांपूर्वी माडीवर दुसरा राउटर लावलेला, बॉक्समधून काढला, खालून आलेली केबल वॅनमध्ये (इंटरनेटसाठीच्या भोकात) खुपसली, इंटरनेट आलं, विषय संपला. भाचा वरून ओरडतोय सर्व्हर दिसत नाही. वर जाऊन सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकून बघितला, १९२.१६८.१.१०, तर शेअर झटकन उघडला! म्हणजे दिसत नाही पण उघडतो. भाच्याच्या लॅपटॉपचा पत्ता बघितला, १९२.१६८.०.१०३, तेव्हा ट्यूब पेटली. वरचा राउटर स्वतःचं वेगळंच नेटवर्क चालवत होता. आतून बाहेरचा सर्व्हर गाठता येतो, पण ‘नेटवर्क’ मध्ये नाव दिसायला जी हाकाटी लागते, विंडोजची यूडीपी ३७०२ पोर्टवर आणि मॅकची ५३५३ वर, ती राउटर ओलांडत नाही. वरच्याचा डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद केला, त्याला १९२.१६८.१.२ दिला, केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये (घरातल्या मशिनींच्या भोकात) लावली, आता तो नुसता ॲक्सेस पॉइंट, खालचंच नेटवर्क वायफायवर देणारा. आणि सांबा स्वतः त्या ३७०२ वर बोलत नाही, त्यासाठी सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी हा वेगळा प्रोग्राम बसवावा लागला. वहिनीच्या मॅकसाठी तसंच अवाही, तिथे बाकी काही कटकट नाही.

तेव्हापासून माझा नियमच झालाय, कोणी “दिसत नाही” म्हटलं की आधी आयपी टाकून उघडायला सांगायचं. उघडला तर सांबाच्या फाइलला हात लावायचा नाही, दोष हाक मारण्यात आहे. नाही उघडला तरच ४४५ पोर्ट (एसएमबीचं दार), युजर, पासवर्ड वगैरे.

आता खरा घाम फोडणारा किस्सा. रात्री वीज गेली, आली, परत गेली, नेहमीचंच. सकाळी बाबा दारात उभे, “सगळें गेलें मरे!” शेअर उघडतोय, लॉगिन होतंय, आणि आत एकसुद्धा फाइल नाही. दोन वर्षांचं काम. हात थरथरत एसएसएच केलं (दुरून सर्व्हरवर शिरलो), माउंट बघितलं, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडलीय ते, तर डिस्क लागलेलीच नाही. डिस्क उशिरा जागी झाली तर मशीन अडकू नये म्हणून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) मीच नोफेल, म्हणजे ‘नाही मिळाली तरी पुढे जा’, लिहून ठेवलेलं, त्यामुळे सर्व्हर डिस्कशिवायच उठला आणि सांबाने माउंट पॉइंटचा (डिस्क जिथे जोडली जाते तो) रिकामा फोल्डर जगाला दाखवला. फाइली सगळ्या जागेवर. पण मी यायच्या आत बाबांनी त्या रिकाम्या फोल्डरात पेन ड्राइव्हवरच्या नऊ आरत्या पुन्हा टाकल्या होत्या, त्या गेल्या सिस्टिमच्या एसएसडीवर, आणि डिस्क माउंट केल्यावर त्या खाली झाकल्या गेल्या. परत अनमाउंट, त्या बाजूला काढल्या, परत माउंट.

उपाय दोन केले. डिस्क काढलेली असताना रिकाम्या फोल्डरवर चॅटर प्लस आय ही कमांड, म्हणजे तिथे कोणी काही लिहूच शकणार नाही. आणि सिस्टिमडीमध्ये (सर्व्हरवरचे प्रोग्राम सुरू करणारा) एसएमबीडीला, म्हणजे सांबाच्या मुख्य प्रोग्रामला, रिक्वायर्समाउंट्सफॉरची ओळ, डिस्क नाही तर सांबाच उठणार नाही. म्हणजे इथून पुढे डिस्क झोपली तर सर्व्हर खरंच बंद दिसेल, ते परवडलं. डिस्कची केबल मुद्दाम उपटून रीबूट केलं, बाबांना बोलावून दाखवलं, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

राहिला टीव्हीचा जुना मीडिया बॉक्स. त्याला एसएमबी१ (एसएमबीची सगळ्यात जुनी आवृत्ती) सोडून काही येत नाही, आणि सांबाने ते ४.११ पासून मुळातच बंद ठेवलंय. एका ओळीत चालू होतं, पण २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस विंडोजच्या याच एसएमबी१ मधल्या भोकातून पसरला होता, एका डबड्यासाठी ते दार मी उघडणार नाही. त्याऐवजी मिनीडीएलएनए (टीव्हीसारख्यांना गाणी नि व्हिडिओ पुरवणारा प्रोग्राम) बसवलं, काल रात्री पहिली आरती टीव्हीवर वाजली. फक्त लिस्ट लागते ती सरळ नावाच्या क्रमाने, आणि फायलींची नावं बाबांनी दिलेली: ‘आरती नवीन’, ‘आरती नवीन २’, ‘आरती खरी नवीन’. ती बदलायची परवानगी अजून मिळालेली नाही.