करडईच्या तेलाची महागडी कॅप्सूल

माझं मेडिकल बार्शी रोडला आहे. शेजारच्या इमारतीत जिम निघाल्यापासून काउंटरवर नवी मागणी सुरू झाली : "काका, सीएलए आहे का?" पोरं विशीतली. ट्रेनरने सांगितलेलं असतं की याने चरबी जळते आणि मसल राहतात.

सीएलए म्हणजे कॉन्ज्युगेटेड लिनोलिक ॲसिड. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, करडई तेलापासून. मला तिथेच हसू येतं. आमच्या शेतात ज्वारीच्या कडेने वडील भीमा जातीच्या करडईचे पाटे टाकायचे. काटे असल्यामुळे जनावर आत शिरत नाही, हा मुख्य फायदा. कोवळ्या पानांची भाजी आणि घाण्याचं तेल हा वरचा. या तेलात शंभरात पंच्याहत्तरच्या आसपास लिनोलिक ॲसिड असतं, म्हणून कारखान्याला ते सोयीचं. त्या ॲसिडच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात, मध्ये थोडं अंतर सोडून. तेल अल्कलीत तापवलं की एक बंध सरकून दुसऱ्याला लागून बसतो. झालं सीएलए. फक्त तो कुठे सरकेल हे ठरलेलं नसतं, त्यामुळे दोन प्रकार साधारण निम्मेनिम्मे तयार होतात. मी त्यांना नऊ-अकरा आणि दहा-बारा म्हणतो, बंधांच्या जागेवरून. हे दोघे भाऊ स्वभावाने अगदी वेगळे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

तुपातही सीएलए असतं, हा व्हॉट्सॲपवरचा आवडता मुद्दा. असतं, खरं आहे. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते करतात. पण ते जवळजवळ सगळं नऊ-अकरा, आणि शंभर ग्रॅम तुपात एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमीच. कॅप्सूलइतका डोस तुपातून घ्यायचा म्हटलं तर रोज पाव किलोच्या वर तूप लागेल. मग वजन कमी होण्याचा प्रश्नच मिटला!

या पदार्थाचा शोध मजेशीर आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले मायकेल पारिझा भाजलेल्या गोमांसात कॅन्सर करणारे पदार्थ शोधत होते; सापडला तो उंदरांतला कॅन्सर रोखणारा. १९८७ साली त्यांनी तो सीएलए असल्याचं छापलं. पुढे १९९७ मध्ये त्याच गटाने उंदरांच्या खाण्यात अर्धा टक्का सीएलए घातलं आणि त्यांची चरबी निम्म्याहून खाली आली. डब्यांवरचा सगळा जोर या उंदरांच्या जिवावर आहे.

आता माझा दुकानदारी हिशोब. पंचवीस ग्रॅमचा उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅम खातो. त्यातलं अर्धा टक्का सत्तर किलोच्या माणसाला वजनाच्या प्रमाणात द्यायचं तर रोज पन्नासेक ग्रॅम होतं, म्हणजे साठेक कॅप्सूल. शास्त्रज्ञ असा सरळ गुणाकार करत नाहीत, उंदराची भट्टी आपल्यापेक्षा जोरात पेटलेली असते. पण अंदाज येतो. माणसांवरच्या अठरा चाचण्या एकत्र करून २००७ साली हिशोब मांडला गेला : रोज ३.२ ग्रॅम घेतल्यावर आठवड्याला सुमारे ९० ग्रॅम चरबी जास्त उतरली, आणि सहा महिन्यांनंतर तोही वेग मंदावला. निदान सहा महिने चाललेल्या चाचण्यांचा २०१२ चा आढावा सांगतो, वजनात फरक ०.७ किलो. एवढं तर आमच्याकडे ग्राहक चप्पल काढून काट्यावर उभा राहिला की कमी होतं.

हे नुसतं पैशाचं नुकसान असतं तर मी गप्प बसलो असतो. पण स्वीडनमध्ये २००२ साली, पोट सुटलेल्या आणि मेटाबॉलिक सिंड्रोम (बीपी, साखर, रक्तातली चरबी असं एकत्र बिघडलेलं) असलेल्या पुरुषांना निव्वळ दहा-बारा प्रकार बारा आठवडे दिला, तेव्हा त्यांचा इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, १९ टक्क्यांनी वाढला, चांगलं कोलेस्टेरॉल घटलं. चरबी उतरवणारा म्हणून ज्याचा गवगवा तोच हा भाऊ. आणि आपण कोण? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून असा असतो, त्यात घरात दोघा-तिघांना साखर. अशाने इन्सुलिनशी खेळू नये.

कॅप्सूलमधल्याच माशाच्या तेलाचं वेगळं. त्याने वजन उतरत नाही, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मात्र खरोखर उतरतात, पण त्यासाठी ईपीए-डीएचए ही त्यातली ओमेगा-३ ॲसिडं मिळून दोन ते चार ग्रॅम लागतात. हजार मिलीग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून तीनशेच असतात. बाकीचं नुसतं तेल. आणि मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

मी सीएलए ठेवतो का? ठेवतो. नाही ठेवलं तर पोरं मोबाइलवरून मागवतात. कोणी मागितलं की आधी विचारतो, साखर कधी तपासली होतीस? बहुतेकांनी कधीच तपासलेली नसते. ज्याच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत त्याला डबी देत नाही, आधी डॉक्टरांना विचारून ये म्हणतो. बाकीच्यांना डबीवरची ओळ बोट ठेवून वाचायला लावतो : औषधी वापरासाठी नाही.