तुम्ही विचारलंत म्हणून: चासी कापू का?

“पिकअपची उंची कमी करून ती खाली बसवली, आता खड्ड्यात मागचा अ‍ॅक्सल चासीला लागतो. तेवढाच भाग खालून कापला तर?” रत्नागिरीपासून कुडाळपर्यंतची पोरं गॅरेजात आली की हे विचारतातच. चिरेखाणीवरचे, म्हणजे जांभा दगडाच्या खाणीवरचे, ट्रकवालेही विचारतात. चासी म्हणजे गाडीचं वजन पेलणारा खालचा पोलादी सांगाडा, आणि अ‍ॅक्सल म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणारा आडवा दांडा.

चिरे वाहणाऱ्यांना माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं असतं. त्यांचा अ‍ॅक्सल लागतो तो बहुतेकदा स्प्रिंगचे पाटे दबून बसल्यामुळे, धक्का अडवणाऱ्या स्टॉपरचं रबर संपल्यामुळे आणि लोड जास्त भरल्यामुळे. पाटे बदला, दोन चिरे कमी भरा. त्या चासीचं पोलाद बऱ्याचदा जास्त ताकदीचं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते जोडाजवळ कमजोर पडू शकतं.

पिकअपवाल्यांना आधी कायदा सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलात न बसणारा बदल चालत नाही. आरटीओकडून लेखी परवानगी असेल तरच मी ग्राइंडर हातात घेतो.

कापणं सोपं असतं. खरं काम नंतरचं. वाकवणारा ताण चॅनलच्या, म्हणजे चासीच्या पन्हळीसारख्या लांब तुळईच्या, वरच्या आणि खालच्या कडेवर सगळ्यात जास्त येतो, आणि आपण नेमकी खालची कड काढतो. नुसत्या उभ्या पट्टीची उंची निम्मी केली तरी तिचा ताठपणा आठवा हिस्साच उरतो. म्हणून कमानीसारखं गोल कापायचं, चौकोनी नाही. चौकोनाच्या कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. कमानीच्या कडेने पट्टी वाकवून बसवायची, तीच नवी खालची कड. बाजूने चासीइतक्या तरी जाडीची प्लेट, कापलेल्या भागाच्या दोन्हीकडे चांगली पुढे गेलेली, टोकं तिरकी. टोक उभं सरळ ठेवलंत तर चासी पुढे त्याच वेल्डिंगच्या रेषेवर तुटते. माप घेताना एकच चाक उचलून बघा, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट वर कुठे लागतो तेही बघा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बाजूला घ्या.

यानंतरचं कोकणासाठी, आणि इथे माझा जीव अडकतो. मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारं पाणी दिवसभर चासीवर ठिबकतं. ते प्लेट आणि चासीच्या फटीत शिरलं की बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत गंज फुगून दोन्ही पत्रे एकमेकांपासून सोडवतो. जोडण्याआधी दोन्ही अंग चकचकीत घासा, वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर मारा, सगळ्या कडा बंद करा. चॅनल पेटीसारखं बंद केलंत तर सगळ्यात खालच्या बाजूला पाणी निघायला भोक ठेवाच.

काम झाल्यावर भरलेली गाडी घाटात फिरवून आणा. मग प्लेटची टोकं पुसून टॉर्चने बघा. रंगात केसाएवढी तांबूस रेघ दिसली तर तो तडा समजा. तिच्यावरून पुन्हा वेल्डिंगचा रॉड फिरवून भागत नाही. प्लेट काढा आणि लांब प्लेट बसवा.