काइबोकान : उशिरा बांधलेले राखणदार

जपानी युद्धनौका म्हटले की आपल्याला ‘यामातो’ आठवते. मला मात्र काही दिवसांपासून ‘काइबोकान’ या लहानखुऱ्या रक्षकनौकांनी झपाटले आहे. १९४० मध्ये दाखल झालेली ‘शिमुशू’ ही या मालिकेतली पहिली. जपानच्या उत्तरेकडील कुरील बेटांभोवतीच्या थंड समुद्रात मच्छीमारांचे संरक्षण करणे हे तिचे मूळ काम होते, आणि लहान असूनही अधिकृतपणे युद्धनौका गणली जात असल्यामुळे सम्राटाचे गुलदावदीचे चिन्ह तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मिरवत असे.

अमेरिकी पाणबुड्या तेलवाहू आणि मालवाहू जहाजे बुडवत सुटल्या, तेव्हा या नौकांचे खरे मोल जपानी नौदलाला कळले. अशा जहाजांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय मात्र स्थापन झाले ते नोव्हेंबर १९४३ मध्ये, म्हणजे अमेरिकेशी युद्ध पेटून जवळजवळ दोन वर्षे उलटल्यावर! पुढे घाई इतकी झाली की पत्रे वाकवण्याचा वेळ वाचावा म्हणून नौकेचा वळणदार आकार सोडून सरळ, सपाट पत्रे जोडले जाऊ लागले. शेवटच्या दोन प्रकारांना तर नावेही मिळाली नाहीत, नुसते क्रमांक मिळाले : डिझेल इंजिनाच्या नौकांना विषम, टर्बाइनवर चालणाऱ्यांना सम.

‘शिमुशू’ युद्धातून वाचली आणि १९४७ मध्ये सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेली. मार्च १९४५ मध्ये पूर्ण झालेली ‘शिगा’ युद्धानंतर ‘कोजिमा’ या नावाने जपानी तटरक्षक दलाची प्रशिक्षण नौका बनली आणि निवृत्तीनंतर चिबा येथे लोकांना पाहण्यासाठी जतन करण्यात आली. उरलेली ही एकमेव काइबोकानही १९९८ मध्ये भंगारात निघाली.