क्लेअरमधले मॅकनमारा शोधायला गेलो त्याबद्दल, आणि पुढे जाणाऱ्यांसाठी

आमच्या सासूबाई मॅसॅच्युसेट्सच्या, माहेरच्या मॅकनमारा. ऐंशीला टेकल्यात, आणि आजोबा आयर्लंडमधल्या नेमक्या कुठल्या गावातून आले ते डोळ्यांनी बघायचं हे त्यांच्या मनात किती वर्षं होतं. या उन्हाळ्यात त्यांना घेऊन मी आणि नवरा आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) जाऊन आलो. आपल्यापैकी अमेरिका ऑस्ट्रेलियात असलेल्या बऱ्याच जणांच्या घरात आता आयरिश सासर नाहीतर आयरिश सून जावई आहेत, मुलांना शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगतात आणि अर्ध्या झाडाची माहितीच नसते, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते कारण बाकी सगळं तिच्यावरच चालतं. आयर्लंडमध्ये नुसत्या आडनावावर काही सापडत नाही, टाउनलँड सापडावं लागतं. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सगळ्यात छोटा तुकडा, वाडी म्हणा, काही ठिकाणी चारपाच घरं तर काही ठिकाणी आज एकही घर नाही, आणि अशी साठ हजारांच्या वर टाउनलँड्स आहेत. त्याच्या वर सिव्हिल पॅरिश म्हणजे बऱ्याच टाउनलँड्सचा सरकारी गट, मग त्याहून मोठी बॅरनी, मग काउंटी, शिवाय कॅथलिक चर्चची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा भाग, वेगळी आणि जन्ममृत्यू नोंदणीचा जिल्हा वेगळा, आणि यांच्या हद्दी एकमेकांशी जुळत नाहीत. पूर्व क्लेअरमध्ये मॅकनमारा इतके आहेत की पॅट्रिक मॅकनमारा म्हणून शोधलंत तर पानंच्या पानं येतात. त्यामुळे विमानात बसण्याआधी टाउनलँड हातात पाहिजे. ते काम आयर्लंडमध्ये नाही, माणूस जिथे येऊन राहिला त्या देशात करायचं असतं.

आमचं ते बोस्टनमध्ये झालं. मॅसॅच्युसेट्सच्या लग्नाच्या नोंदीत नवरानवरी दोघांच्या आईवडलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. आजोबा पॅट, वडील थॉमस, आई माहेरची मॉलोनी, एवढं तिथून मिळालं. १९०० च्या अमेरिकन जनगणनेत देशात कधी आले ते साल असतं, तिथे १८८८ होतं. नागरिकत्वाच्या कागदांवर फार आशा ठेवू नका, १९०६ च्या आधीच्या बऱ्याच कागदांवर जन्मस्थान म्हणून नुसतं आयर्लंड लिहिलेलं असतं. त्यापेक्षा बहिणी बघा, भाऊ बघा, लग्नातले साक्षीदार बघा, थडग्याचा दगड बघा. पॅटच्या बहिणीच्या दगडावर टुला (Tulla) पॅरिश, काउंटी क्लेअर असं कोरलेलं होतं आणि तिथून गाडी पुढे सरकली. बोस्टन पायलट नावाच्या पेपरात १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेले नातेवाईक शोधणाऱ्यांच्या जाहिराती यायच्या, त्यात गावाचं नाव पॅरिशसकट दिलेलं असायचं. तुमचा माणूस त्यात नसला तरी त्याच गावातून आलेला शेजारी असू शकतो, आणि हे लोक एका गावातून एकामागे एक यायचे आणि एकाच गल्लीत राहायचे.

मग आयर्लंड सरकारची आयरिश जीनिऑलॉजी डॉट आय ई ही साइट. फुकट आहे आणि मूळ रजिस्टरच्या पानाचा फोटो दिसतो. सगळ्यांच्या जन्म मृत्यू लग्नाची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली, कॅथलिक सोडून इतरांच्या लग्नांची १८४५ पासून. जन्म १०० वर्षांपेक्षा जुने, लग्नं ७५ आणि मृत्यू ५० वर्षांपेक्षा जुने दिसतात. पॅटचा जन्म साधारण १८६७ चा, म्हणून टुला नोंदणी जिल्ह्यातले त्या सुमाराचे सगळे पॅट्रिक उघडून बघितले आणि वडील थॉमस आई मॉलोनी असा एकच निघाला, आणि त्या पानावर टाउनलँडचं नाव. नाव इथे देत नाही, तिथे आजही लोक राहतात. स्पेलिंगमध्ये Mac, Mc, त्यांच्या पुढे जागा सोडून, नुसता M आणि वर स्वल्पविरामासारखी खूण, असं सगळं टाकून बघा. ओ आणि मॅक तर लोकांनी मधल्या काळात सोडले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परत लावायला लागले, त्यामुळे एकाच घरात दोन भावांची आडनावं वेगळी दिसू शकतात. बायकांच्या नावांकडे विशेष लक्ष द्या, होनोरा हीच नोरा आणि हीच हनोरा, ब्रिजिट हीच बिडी आणि अमेरिकेत जाऊन हीच डीलिया.

आता ते सगळं जळून गेलं हे वाक्य. हे तुम्हाला प्रत्येक जण सांगणार. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर उडालं हे खरंय, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचा बहुतेक भाग, मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंडची अर्ध्याहून जास्त रजिस्टरं गेली. पण १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचा त्या आगीशी संबंध नाही, त्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, शेवटच्या दोन तर पहिल्या महायुद्धात लगदा करायला दिल्या. आणि कॅथलिक रजिस्टरं तिथे नव्हतीच, ती चर्चमध्ये होती, म्हणून ती वाचली. साधारण १८८० पर्यंतची नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन टाकलीत. बऱ्याच ठिकाणी लॅटिन आहे, जेम्सचा जॅकोबस आणि विल्यमचा गुलिएल्मस, दोन दिवसांत सवय होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीतले गॉडपेरेंट्स न चुकता उतरवून घ्या, ते बहुतेक वेळा मामा काका मावशीच असतात.

१९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण शाबूत आहे आणि नॅशनल आर्काइव्ह्जवर फुकट. आम्ही विमानात बसायच्या आधीच सासूबाईंनी हे कागद प्रिंट करून घेतले होते. १९११ च्या फॉर्मवर बाईला किती मुलं झाली आणि किती जिवंत आहेत असा रकाना आहे, आणि दुसऱ्या फॉर्मवर घराच्या भिंती कसल्या, छप्पर गवताचं की स्लेटचं, समोर किती खिडक्या. पॅटच्या आईपुढे नऊ झाली, सहा जिवंत असं लिहिलेलं आहे. सासूबाई त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसल्या होत्या. वडील थॉमस १९०१ मध्ये ६० वर्षांचे आणि १९११ मध्ये ७६ चे. असं शेकडो घरांत दिसतं आणि त्याचं कारण १९०८ चा वृद्ध पेन्शनचा कायदा, जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळायला लागले, तेव्हा लोकांनी आपलं खरं वय शोधून काढलं. म्हणून वयाला दहा वर्षं इकडेतिकडे सूट द्या.

पण याच पेन्शनमुळे आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट मिळाली. १८६४ च्या आधी जन्मलेल्यांकडे जन्माचा दाखला नव्हता, म्हणून वय सिद्ध करायला ते १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आपलं घर शोधून द्या असा अर्ज करायचे, आणि दफ्तरातला क्लार्क शोधून जे सापडलं ते अर्जावर लिहायचा. जनगणना १९२२ ला जळाली, हे अर्ज राहिले. नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर सेन्सस सर्च फॉर्म्स म्हणून आहेत. थॉमसचा अर्ज सापडला, वडील जॉन, आईचं नाव, टाउनलँड, सगळं. आयर्लंडमधला बटाट्याचा मोठा दुष्काळ नुकताच संपत आला होता त्या १८५१ सालचं आमच्या मुलांच्या पूर्वजांचं घर त्या कागदावर आहे. पेन्शन मागण्याएवढं जगलेलं कोणी तुमच्या घरात असेल तर हे पहिल्यांदा बघा, फार कमी लोकांना माहीत आहे.

त्याच्या मागचा आधार म्हणजे ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, रिचर्ड ग्रिफिथने १८४७ ते १८६४ मध्ये सगळ्या देशातल्या जमिनी आणि घरांची केलेली मोजणी. आस्क अबाउट आयर्लंड साइटवर फुकट आहे, नकाशासकट. फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. आमच्या टाउनलँडमध्ये दोन जॉन मॅकनमारा होते आणि क्लार्कने एकाच्या पुढे कंसात त्याच्या बापाचं नाव लिहिलंय, आपण मधलं नाव लावतो तसं, आणि त्या एका कंसामुळे आम्ही अजून एक पिढी मागे गेलो. ग्रिफिथच्या आधीची टाइद अप्लॉटमेंट बुक्स आहेत, १८२३ ते १८३७ च्या सुमाराची, पण ती शेतसाऱ्यासारख्या चर्चच्या कराची, ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते त्यात नाहीत.

आता प्रत्यक्ष प्रवास. भारतीय पासपोर्ट असेल तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा लागतो, शेंगेन चालत नाही, ग्रीन कार्ड असलं तरी लागतोच. आणि तुमची मंडळी अँट्रिम, डाउन, टायरोन वगैरे उत्तरेकडच्या सहा काउंट्यांतली असतील तर तो युके आहे, त्याचं दफ्तर बेलफास्टला प्रोनी (PRONI) या उत्तर आयर्लंडच्या सरकारी दफ्तरखान्यात, त्या व्हिसाचं आधी बघा. बोस्टनहून शॅननला थेट विमान आहे, क्लेअरसाठी तेच सोयीचं. गाडी भाड्याने घ्याच, टाउनलँडला बस जात नाही. डावीकडून चालवायचं असल्यामुळे मी चालवली, नवरा नकाशा बघत होता. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना झाडोरा, छोटीच गाडी घ्या.

डब्लिन आम्ही आधी केलं. जे ऑनलाइन आहे ते बघायला तिथे जाऊ नका, वेळ जातो. जायचं ते दोन गोष्टींसाठी. एक, नॅशनल लायब्ररी किल्डेअर स्ट्रीटवर आणि नॅशनल आर्काइव्ह्ज बिशप स्ट्रीटवर, दोन्हीकडे वंशावळीचा सल्ला फुकट देतात, आपली माहिती एका पानावर नीट लिहून न्या म्हणजे ते अर्ध्या तासात नेमकं काय बघायचं ते सांगतात. दुसरं, व्हॅल्युएशन ऑफिसची कॅन्सल्ड बुक्स. व्हॅल्युएशन ऑफिस २०२३ पासून टाल्टे एरन या नव्या संस्थेत गेलंय, म्हणून आधी ईमेल करून वेळ आणि जागा ठरवा. ग्रिफिथच्या नंतर जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते त्या वह्यांत वेगवेगळ्या रंगांच्या शाईने खोडून लिहिलेलं असतं. जॉन खोडला, वर थॉमस, मग थॉमस खोडला, वर पॅटचा मोठा भाऊ जॉन. आजोबांचं नाव थोरल्या नातवाला ही जुनी आयरिश पद्धत, दुसऱ्या मुलाला आईच्या वडलांचं, आणि ते इथे तंतोतंत बसलं. पुढे एका ठिकाणी एल ए पी (लँड अॅक्ट पर्चेस) असा शिक्का, म्हणजे जमीनदाराकडून जमीन विकत घेतली, कुळ मालक झालं. माझे आजोबा कूळकायद्यात जमीन मिळालेले, त्यामुळे हा शिक्का बघताना मला काय वाटलं ते मी सासूबाईंना मराठी इंग्रजी मिसळून सांगत बसले.

मग एनिस, क्लेअरचं मुख्य गाव. क्लेअर काउंटी लायब्ररीने त्यांच्या साइटवर ग्रिफिथ, टाइद, १९०१ ची जनगणना, स्मशानांमधल्या दगडांवरचे लेख असं एवढं काही टाकलंय की बाकी काउंट्यांनी हेवा करावा. लोकल स्टडीजमधल्या बाईंनी जुना, मैलाला सहा इंच अशा मापाचा नकाशा काढून दिला आणि आत्ता रस्ता कुठून जातो ते पेन्सिलीने दाखवलं. पैसे देऊन शोध करून घ्यायचा असेल तर कोरोफिनला क्लेअर हेरिटेज सेंटर आहे.

वाटेत क्विन अॅबी बघा. पंधराव्या शतकात मॅकनमारांनीच बांधलेला मठ, नॅपोग आणि बनरॅटीचे किल्लेही त्यांच्याच हातचे. बघून ऊर भरून येतो, यावा, पण सगळे मॅकनमारा सरदारांचे वंशज नसतात, एकाच आडनावाखाली सरदार होते आणि त्यांची कुळंही. दुकानात आडनावाचं राजचिन्ह छापलेले मग मिळतात, आवडला तर घ्या, वंशावळीत मात्र चिकटवू नका, ते चिन्ह एखाद्या ठरावीक माणसाला दिलेलं असतं.

टाउनलँडवर जाताना ग्रिफिथचा नकाशा आणि त्यातला प्लॉट नंबर फोनवर घेऊन गेलो. जागा कोणाच्या तरी शेतात असते, आधी घरी जाऊन दार वाजवा, परवानगी घ्या, फाटक जसं होतं तसं लावून घ्या, गुरं असतात. शेतकरी आजोबांनी आमचे कागद चष्मा लावून सगळे वाचले आणि म्हणाले की त्यांची आई ही जागा मॅकनमाराचं कुंपण म्हणूनच ओळखायची. मग स्वतः बूट घालून आले. दोन भिंती आणि चुलीचा दगड उभा आहे. सासूबाईंनी १९११ च्या फॉर्मवरच्या खिडक्या मोजल्या, एक भिंत शाबूत आहे तिच्यातल्या खिडक्यांशी आकडा जुळला. त्यांनी त्या आजोबांना विचारलं की इथून बंदराला कसे गेले असतील, आणि ते तासभर सांगत होते, कोणत्या रस्त्याने, कोणत्या घरी रात्री गाणी म्हणून निरोप द्यायचे, कारण परत येणारे जवळजवळ नसायचेच. हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. तुमच्या आजीच्या पिढीतलं कोणी हयात असेल तर त्यांना बरोबर न्या, आणि फोनवर रेकॉर्डिंग करा, विचारून.

स्मशानात गमबूट लागतात, गवत ओलं असतं. दगडाला खडू किंवा तारेचा ब्रश लावू नका, खराब होतो, बाजूने टॉर्च मारून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. गरीब घरांचे दगड नसतातच, आम्हाला थॉमसचा मिळाला नाही. १८८० च्या पुढची चर्चची रजिस्टरं पाद्रीबाबांकडे असतात, आधी फोन करा, रविवारी जाऊ नका, थोडी देणगी द्या. शाकाहारी मंडळींना सगळीकडे भाजीचं सूप आणि ब्राउन ब्रेड मिळतो आणि तो खरंच चांगला असतो.

एक अजून, आजीआजोबांपैकी कोणी आयर्लंडमध्ये जन्मलेलं असेल तर फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये नाव लावून नागरिकत्व मिळू शकतं. सासूबाईंचे कागद आता पूर्ण आहेत, त्या अर्ज करणार आहेत.

आणि ज्यांचा आयरिश पूर्वज अमेरिकेत नाही तर आपल्याकडे पुणे, देवळाली, कामठीच्या छावणीत शिपाई म्हणून आला होता त्यांनी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे चर्च रिटर्न्स बघा, मुंबई इलाख्याची मालिका एन ३, मद्रासची एन २, बंगालची एन १. कामठीसाठी मात्र मद्रासची एन २ बघा, तिथे बरीच वर्षं मद्रासचं सैन्य होतं.